नवसाबाईंचा अभिप्राय

नाशिक, ३ डिसेंबर २०२४

चि. यशश्रीस दिवाकरकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्राचं नवल वाटेल. पण फोनवर बोललं की तुझी काकू स्वयंपाकघरातून उत्तरं देते. तू कॅमेरा दिलास, फोटो मोबाइलवरून ग्रुपवर टाकायला शिकवलंस, तेव्हापासून हा निवृत्त बँकवाला टीव्हीसमोरून उठून सकाळी घराबाहेर पडायला लागला. आता मात्र बंद करावं म्हणतो. परवा चुकून एक फोटो गेला. त्यात भिंगावर आलेल्या माझ्या अंगठ्याशिवाय काहीच नव्हतं. घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी ‘अप्रतिम’ लिहिलं. तुझ्या भावाने, विहंगने, तर सूर्योदय सुरेख टिपलाय असं कळवलं. म्हणजे फोटो कुणी बघतच नाही गं. फार वाईट वाटलं.

काकू बरी आहे. दुसरा चहा मागितला की अजूनही डोळे वटारते.

लोभ असू दे, पण खरं बोलून.
तुझा काका

बंगळुरू, ११ डिसेंबर

ती. काकांना शि. सा. न. वि. वि.

त्या अंगठ्याला मीही टाळ्या पाठवल्या होत्या, ऑफिसात, न बघता. घरची माणसं तुम्हाला दुखवायची नाहीत. फोटोच्या शौकिनांचा एक ग्रुप आहे, तिथे अनोळखी लोक भीडभाड न ठेवता चुका सांगतात. रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवते. राग आला तरी लगेच सोडू नका. तुम्ही पुन्हा टीव्हीसमोर बसाल याचीच मला काळजी वाटते.

काकूला नमस्कार. माझ्यावरची माया कमी करू नका.
यशश्री

नाशिक, १४ जानेवारी २०२५

चि. यशश्री हिस, अ. उ. आ.

तिळगूळ पाठवला आहे. आता गुपित सांगते, पोटात ठेव. त्या ग्रुपवर यांचे फोटो कुणी ढुंकून बघेना. चार दिवस तोंड पाडून बसले, मग कॅमेरा कपाटात ठेवायला निघाले. माझ्याच्याने बघवेना. तू यांना शिकवत होतीस तेव्हा मी शेपू निवडत सगळं ऐकलं होतं, तसं त्या ग्रुपवर माझंही खातं उघडलं. नाव सुचेना, भाजीवालीचं दिलं, नवसाबाई. गोदावरी तिरकी दिसते, पाणी सांडेल, असं लिहिलं. हेच मी समोर म्हटलं असतं तर जेवले नसते. परक्या बाईचं मात्र मुकाट ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन सरळ फोटो काढून आणला.

पिंपळगावच्या कांदाबाजाराच्या फोटोत माणसं का नाहीत, असं विचारलं, तर आता टेंपोवाल्यांचेही काढतात. काल मला म्हणाले, तुला फोटोतलं काय कळतं, नवसाबाईंकडून शीक. हसू की रडू कळेना. पण माणूस पहाटे शीळ घालत बाहेर पडतो, मला तेवढं पुरे.

अशीच आमची आठवण ठेव.
श्यामलाकाकू

नाशिक, ५ फेब्रुवारी

चि. यशश्रीस आशीर्वाद.

कॅमेरा जोरात चालू आहे. गेल्या आठवड्यात सायखेड्याच्या घाटाचा फोटो टाकला. नवसाबाईंनी लिहिलं, जरा डावीकडे सरकला असतात तर वाऱ्यावर उडणारं ते पिवळं लुगडं आलं असतं. आता ते लुगडं फोटोत नव्हतंच. आणि घाटावर मी सोडून ते बघायला फक्त तुझी काकू होती, डबा घेऊन आलेली.

तिला सांगू नकोस. इतकी वर्षं तिचं ऐकलं नाही, आता ऐकायला आवडतंय. माझा फोटो इतका निरखून बघणारं माणूस माझ्याच घरात होतं, आणि मी ते जगभर शोधत होतो.

काल मी त्याच घाटावरचा आणखी एक फोटो टाकला. पायरीवर बसून डबा उघडणारी तुझी काकू, तिला न कळत काढलेली. एरवी लगेच चुका काढणाऱ्या नवसाबाईंनी अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. आज सकाळी मात्र मला न मागता दुसरा चहा मिळाला.

तुझ्यावर आम्हा दोघांचा, खरं तर तिघांचा, लोभ आहे.
दिवाकरकाका