बोटांत रुतलेली जोडवी

पुनमच्या पप्पांना,

हे पत्र मी टाकणार नाही.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही धुळ्याला त्या बाईकडे राहायला गेलात, त्याच दिवशी मी जोडवी काढायला बसले. तुम्ही ज्यांना हत्तीचे म्हणायचात, त्या सुजलेल्या पायांतून ती निघेनात. इथे सारं भडगाव म्हणायचं, कोकिळा अजून वाट बघते. मी कोणाला खरं सांगितलं नाही.

यंदा डॉक्टरांनी भाकरी, भात, साखर बंद करायला लावलं. भरीत नुसतं वाटीतून खायला शिकले. चार महिन्यांत सूज उतरली, बीपीची गोळीही त्यांनी अर्धी केली. परवा अंघोळीत जोडवी आपोआप निघाली.

काल शेजारच्या अक्कांनी माझी मोकळी बोटं पाहिली. घाबरून तुमची खुशाली विचारली, "मालक बरा शेतस ना?"

मी म्हटलं, "सूज उतरली, अक्का."

कोकिळा