आपली गल्ली शेवटी

ता. ९, रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तू बरी असशील, आईही बरी असेल, असं लिहायची पद्धत आहे. पण तू बरी नाहीस आणि आईही नाही, हे मला तुझ्या लेकीकडून कळत असतं, म्हणून ते वाक्य गाळून पुढे जाते. आमच्याकडे सगळं ठीक. ह्यांचा गुडघा थंडीपुरता दुखत होता, तो थांबला. कुरकुर तेवढी राहिली आहे.

फोन तू उचलत नाहीस. माणूस पाठवावा तर तो दारात उभा राहून 'मॅडमनी पाठवलंय' म्हणणार आणि तू दार लावून घेणार, तेही बरोबरच. म्हणून पत्र. ऑफिसात मी दिवसभर नुसत्या सह्या करते, सलग दोन ओळी हाताने लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. अक्षर बघून हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

बातम्या सांगते. नगरपालिकेच्या सभागृहाला नवा रंग दिला, औषधाच्या बाटलीसारखा हिरवा. कुणी निवडला म्हणून विचारलं तर एकोणीसच्या एकोणीस सदस्य छताकडे बघायला लागले. दुसरी बातमी म्हणजे गेल्या आठवड्यात पक्षाचे लोक घरी येऊन गेले. विधानसभेच्या निवडणुकीला मी उभं राहावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी नको म्हणेन अशी शंकाही त्यांना नव्हती, पत्रक छापूनच आणलं होतं. वर माझा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'स्वतःच्या गल्लीला शेवटी पाणी देणारी अध्यक्ष'. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले. मी शुक्रवारपर्यंत सांगते म्हटलं.

ते पत्रक तुझ्या लेकीच्या हातात कुणीतरी कोंबलं असेलच. तू ते वाचलं असशील, या विचाराने मला चार दिवस जेवण गोड लागलेलं नाही.

आता सुरुवातीपासून सांगते, कारण तुला अर्धंच माहीत आहे, आणि ते अर्धंही मीच सांगितलेलं आहे.

टाकी सकाळी सहाला भरते. मग एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह पाऊण तास उघडतात आणि पुढे जातात. अकराव्या गल्लीची वेळ येईपर्यंत दुपार कलते. नवा अध्यक्ष आला की पहिल्या दिवशी ती लोखंडी चावी त्याच्या हातात द्यायची, त्याने आपल्या गल्लीचा व्हॉल्व्ह पहिला उघडायचा आणि मग पाच वर्षं त्याच गल्लीचा पहिला नंबर, ही आपल्याकडची रीत. मागच्या अध्यक्षांच्या गल्लीत सकाळी सव्वासहाला गाड्या धुतल्या जायच्या, ते तुझ्या गॅलरीतून बघत आपण दोघींनी त्यांना किती नावं ठेवली आहेत.

मी निवडून आले त्या दिवशी हार घालताना ते म्हणाले, "चला, आता पाणी माहेरी जाणार." सगळे हसले. मीसुद्धा हसले. या खुर्चीत बसणारी पहिली बाई, पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करून कसं चालेल? घरी येऊन मात्र भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी चावी हातात आली तेव्हा मी माइकवर सांगितलं, खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह पहिला, आमची गल्ली शेवटी. टाळ्या थांबेनात. पेपरात फोटो आला. तुझा फोन आला, "शाब्बास गं टिल्ले." आयुष्यात मला मिळालेल्या सगळ्या शाबासक्यांत ती मोठी होती, म्हणून इथे लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी पाणीपुरवठ्याचे अभियंते आले. सगळे त्यांना पाणीसाहेब म्हणतात. बोलताना कायम स्वतःच्या बुटांकडे बघणारा माणूस. त्यांनी एक कागद पुढे ठेवला, पाऊण पानाचा. आपली गल्ली चढाची. तिच्या वरच्या टोकाची इमारत, म्हणजे तुझी, गावातली सगळ्यात उंच जागा. टाकी भरलेली असताना पाणी सोडलं तरच ते तिसऱ्या मजल्यावर चढतं. म्हणून आपली गल्ली पहिल्या तिघांत हवी, कुणाचं माहेर असो वा नसो. खालच्या वस्तीला उताराचा जोर आहे, तिला अकरावा नंबर दिला तरी धो धो पाणी येतं.

मला सगळं समजलं. समजायला अवघड काहीच नव्हतं. मी म्हटलं, साहेब, फोटो छापून आलाय. ते बुटांकडे बघत म्हणाले, "मॅडम, फोटोला पाणी चढत नाही." मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. फाइलला लावू दिला नाही.

आणखी एक. आमचं घर त्याच गल्लीत, पण तोंडाशी आणि तळमजल्यावर. शेवटच्या नंबरालाही आमची टाकी भरून वाहते. गावाने माझ्या त्यागाचं कौतुक केलं, पण दोन वर्षांत मला एका तांब्याचीही कमी पडलेली नाही. मी दिलं ते सगळं तुझ्या नळातलं दिलं.

मग तू ऑफिसात आलीस. लोकांना भेटायचा वार होता. बाहेरच्या बाकावर तू हातात अर्ज घेऊन बसली होतीस, सगळ्यांसारखी. काचेतून मी तुला पाहिलं होतं. आत बोलावून घेता आलं असतं, पण खोलीत चार सदस्य आणि एक पेपरवाला होता. मी शिपायाला म्हटलं, "पुढच्या बाईंना पाठवा." बाईंना. तू अर्ज ठेवलास. आई अंथरुणावर आहे, दिवसातून दोनदा तिचं अंग पुसावं लागतं, चादरी धुवाव्या लागतात, नळाला थेंब नाही, तीन मजले बादल्या चढवाव्या लागतात, असं एखाद्या अनोळखी माणसाला सांगावं तसं सांगितलंस. मी म्हटलं, "नंबर अभियंत्यांनी ठरवलेत, माझ्या हातात काही नाही." तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस आणि म्हणालीस, "बरं, मॅडम."

त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस.

अभियंत्यांनी काही ठरवलं नव्हतं, ताई. त्यांनी तुझ्याच बाजूने लिहून दिलं होतं, आणि तू समोर बसली होतीस तेव्हा तो कागद टेबलाच्या खणात, माझ्या पर्समध्ये होता.

येत्या गुरुवारी सभा आहे. पाण्याचे नंबर दर दोन वर्षांनी नव्याने मंजूर करावे लागतात, एरवी नुसता उपचार म्हणून. आहेत तसेच ठेवले तर कुणी हूं की चूं करणार नाही, शुक्रवारी मी पक्षाला होकार देईन आणि पत्रकं वाटली जातील. काय करायचं ते मला माहीत आहे. धीर होईल की नाही ते माहीत नाही. पत्र आज टाकत नाही. गुरुवारी पुढचं लिहीन, मगच टाकेन. नाही लिहिलं गेलं, तर हे तुझ्यापर्यंत पोचणारच नाही.

गुरुवार, संध्याकाळ

पत्र टाकते आहे. म्हणजे तू ओळखलं असशीलच.

पाण्याचा विषय आला तेव्हा मी उभी राहिले आणि पाणीसाहेबांचा कागद वाचला, वरची तारीख धरून. मग सांगितलं की हा दोन वर्षं माझ्याकडे होता, मी दाबून ठेवला, आणि यात साहेबांचा दोष नाही. साहेबांनी पहिल्यांदा बुटांवरून नजर उचलली. मागचे अध्यक्ष सावकाश म्हणाले, "शेवटी माहेर आठवलं म्हणायचं." सगळे पुन्हा हसले. या वेळी मी हसले नाही. मी म्हटलं, हो, आठवलं, दोन वर्षं उशिरा.

मग खालच्या वस्तीची सदस्य उठली. ही बाई दोन वर्षांत सभेत चहा घेण्यापलीकडे तोंड उघडत नव्हती, आणि तिचाच पहिला नंबर जाणार होता. मी मनात म्हटलं, आता संपलं. ती म्हणाली, "आमच्याकडे शेवटी सोडलं तरी पाणी येतं ना? मग शेवटचा द्या. पहिल्या नंबराचा फोटो तुमचा होता, आमचा नव्हता." आणि खाली बसली. ताई, मला वाटायचं की त्या वस्तीवर मी केवढे उपकार केलेत. ते उपकार फोटोपुरते होते हे तिला दोन वर्षं दिसत होतं आणि तिने हातही जोडले नव्हते की बोटही दाखवलं नव्हतं. या गावाला अध्यक्ष हवी तर ती असावी, असं मला तिथल्या तिथे वाटून गेलं. तिला तसं सांगणार आहे. आज सांगितलं असतं तर तिला ती खुशामत वाटली असती.

बारा विरुद्ध सात. आपल्या गल्लीचा तिसरा नंबर झाला.

सभेनंतर तासाभरात पक्षाचा फोन आला. उमेदवारीचा 'फेरविचार' चालू आहे म्हणाले. म्हणजे झालं, पत्रकं रद्दीत. मला वाईट वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, त्या खुर्चीवर माझा डोळा होता आणि अजूनही आहे. मी कामाला वाईट नाही. दवाखान्याची नवी खोली, शाळेचं कुंपण, बाजारातली बायकांची स्वच्छतागृहं ही मी भांडून करून घेतली, त्यात कुणाला खोट काढता येणार नाही. फक्त लोक काय म्हणतील याला मी इतकी घाबरले की लोकांनी काही म्हणायच्या आतच तुला पुढे करून मोकळी झाले. मागच्या अध्यक्षांनी स्वतःच्या गल्लीला पाणी ओढलं. मी स्वतःच्या बहिणीचं तोडलं. दोघांनाही आपलंच नाव दिसत होतं.

इथे पत्र थांबवता आलं असतं. चांगलं दिसलं असतं. पण एक राहिलंय.

तू ऑफिसात येऊन गेलीस त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी तुझ्याकडे आले होते. दुपारी अडीचच्या सुमाराला, चालत, एकटी. बादल्या तरी चढवून द्याव्यात असं ठरवूनच निघाले होते. जिन्यापाशी पोचले तर तू वर चढत होतीस. मला तुझे फक्त पाय दिसले आणि बादलीचा तळ. पहिल्या वळणावर तू थांबलीस, बादली टेकवल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या वळणावर. तिथे जरा जास्त वेळ. तू कण्हलीस, ताई, अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये इतपत. मी खाली उभी होते. दहा पायऱ्या चढले असते तर बादली माझ्या हातात असती. पण बादली घेऊन वर आले असते तर तुझ्या कोरड्या नळासमोर उभी राहिले असते, आणि तिथे मला ते खोटं पुन्हा बोलता आलं नसतं. म्हणून मी परत फिरले. पायांचा आवाज न करता.

त्यानंतर तीन आठवड्यांनी तुझी पाठ गेली. आता तू मशीनवर अर्धा तासही बसू शकत नाहीस, शिवायला आलेले कपडे परत पाठवतेस, हे मला माहीत आहे. पाण्याचा नंबर सभेत बदलता येतो, पाठ बदलून देता येत नाही. माझं चुकलं. माफ कर असं लिहिते आहे, पण करायलाच हवं असं काही नाही.

परवा, शनिवारी, साडेसातला व्हॉल्व्ह उघडेल. आधी नळातून नुसती हवा येईल, मग लालसर पाणी. ते जाऊ दे, थोड्या वेळाने स्वच्छ येईल. मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय तो जिना चढायचा मला हक्क नाही.

तुझी लेक सांगत होती की आईला तू 'नळ बिघडलाय' एवढंच सांगत आली आहेस, आणि आई अजून येईल त्याला अभिमानाने सांगते की धाकटी माझी अध्यक्ष आहे. शनिवारी पाण्याचा आवाज ऐकून ती विचारेल, नळ कुणी दुरुस्त केला. माझं नाव घेऊ नकोस. खरं काय झालं ते मी स्वतः तिच्या उशाशी बसून सांगेन, तू दार उघडशील त्या दिवशी. तोवर प्लंबर येऊन गेला म्हण.

तुझी,
टिल्ली