बटणांच्या डब्याखालचा लिफाफा

सोमवार, दिनांक २७

प्रिय काकू,

नमस्कार. गुडघा आता बरा असेल. ‘पत्रास कारण की’ एवढंच लिहून सकाळपासून तीन कागद फाडले, म्हणून कारण मागाहून सांगते.

माझा हिरवा ड्रेस तुमच्याकडेच आहे. महिना उलटून गेला. माप घेताना तुम्ही म्हणालात, “अगं, तुझा डावा खांदा खाली आहे. सगळं ओझं एकाच बाजूला वाहतेस का?” मी हसले. घरी येऊन आरशात पाहिलं तर खरंच खाली आहे. आमच्याकडे कुणाच्या कधी लक्षात आलं नव्हतं, आणि आमच्या घरात भिंतीतली केसाएवढी चीरही सुटत नाही.

त्याबद्दल सांगायला हवं. बाबा लिलावातली घरं घेतात. घरपट्टी थकली की कचेरी घर लिलावात काढते, पण बोली लावणाऱ्याला ते आतून बघता येत नाही. म्हणून आधी मला पाठवतात. मुलीला लोक दार उघडतात. बोटाने वाजवून पोकळ प्लास्टर ओळखायला मी अक्षरं गिरवायच्या आधी शिकले.

ड्रेस मुळात सैल नव्हता, काकू. त्याची शिवण मीच आदल्या दिवशी उसवली होती.

तुम्ही पाणी दिलंत, शिवणाची खोली दाखवलीत, गच्चीवर नेलंत. हात धुवायच्या निमित्ताने मी मोरीतल्या नळामागे हात फिरवला. ओल नव्हती. तेही बाबांना सांगितलं.

एवढंच असतं तर कदाचित लिहिलं नसतं. मी निघताना तुम्ही बटणांच्या डब्याखालून कचेरीचा लिफाफा काढलात. काकांच्या नावाचा. “शिकलेली दिसतेस, बघ गं काय म्हणतायत. हे गेल्यापासून कचेरीची भाषा मला कळत नाही.”

मी वाचलं. लिलावाची तारीख ठळक छापलेली होती.

“घरपट्टीचं आहे,” मी म्हणाले. “भरायची राहिलीय.”

“भरेन गं, हा गणवेशांचा गठ्ठा उरकला की,” असं म्हणून तुम्ही लिफाफा पुन्हा डब्याखाली सरकवलात.

बाबांची शिकवण आहे: खोटं बोलायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. मी खोटं बोलले नाही. पण तुम्ही विचारलं होतं तेवढंही सांगितलं नाही.

लिलावात वर गेलेला हातही माझाच. घर आम्हाला सुटलं. काल जेवताना मी विषय काढला तर दादा म्हणाला, “काकू म्हटलं की नातं लागतं होय? मग अख्खं गाव आपल्या नात्यातलं.” बाबा म्हणाले, “आपण नाही तर दुसऱ्याने घेतलं असतं.” खरं आहे. पण दुसऱ्याच्या हातात तुम्ही लिफाफा दिला नसता.

आता कारण. लिलावापासून तीस दिवसांत थकबाकी आणि खर्च भरला तर लिलाव रद्द होतो. घर तुमचंच राहतं. नव्या मशीनसाठी पैसे साठवताय असं माप घेताना म्हणाला होतात, त्यात भागेल. परवा, बुधवारी, तिसावा दिवस आहे. भरण्याची खिडकी चारला बंद होते. तो लिफाफा आणि काकांच्या मृत्यूचा दाखला सोबत न्या. कारकून “उद्या या” म्हणाला तर जागच्या हलू नका. बुधवारनंतर उद्या नाही.

बाबांना या पत्राचं माहीत नाही. आज घरी गेले की सांगणार आहे.

हे पोस्टात टाकत नाही. तुमच्याकडे कागद डब्याखाली जातात. दार वाजवून हातात देईन आणि तुमचं वाचून होईपर्यंत पायरीवर उभी राहीन. कचेरीत सोबत हवी असेल तर येईन. नको असेल तर दार लावून घ्या, मी समजेन.

फक्त या वेळी आत बोलवू नका.

‘तुमची’ लिहायला हात धजत नाही,
हिरव्या ड्रेसवाली