चौदा पावसाळ्यांचा गाळ

पंपघर,
बुधवार, १८ मार्च १९८७

प्रिय मुक्ता,

हे पत्र शहादेवच्या हाती पाठवतोय. त्याचा ट्रक दुपारी सोलापूरकडे निघेल आणि मांजरसुंब्याला तुमच्या हॉटेलावर चहाला थांबेल. तुझ्याच हातात द्यायचं, दाजींच्या नाही, हे मी त्याला तीनदा सांगणार आहे, म्हणजे एकदा तरी डोक्यात शिरेल. तू घाबरू नकोस. आई ठीक आहे, गुडघे सोडले तर. घरात कुणाला काही झालेलं नाही. जे झालंय ते तलावात झालंय आणि माझ्या हातून झालंय.

मी आत्ता पंपघरात आतून कडी लावून बसलोय. दोन्ही मोटारींचे फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलेत. सकाळी आठला लाइन आली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच लाइन असून मी मोटार चालू केली नाही. बाहेर बागवाले जमलेत. आधी त्यांचा सूर चौकशीचा होता, आता चढत चाललाय. मघाशी कुणीतरी दारावर लाथ घातली. दार लोखंडी आहे, पण बिजागऱ्या आपल्याच गावात बसवलेल्या आहेत, तेव्हा मी जरा घाईने लिहितो. अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुलकावणी देऊन गेला, हे तुला माहीतच आहे. तलावात जे थोडं पाणी आहे त्यावर गावाची घागर आहे आणि संस्थेच्या मोसंबीच्या बागाही आहेत. महिन्याच्या सुरुवातीला उपसा सिंचन संस्थेची सभा झाली. चेअरमन मोहनरावांनी मला उभं केलं आणि विचारलं, बागांना अकरा दिवसांची पाण्याची आणखी एक पाळी दिली तर मागे राहिलेलं पाणी गावाला कधीपर्यंत पुरेल? मी दोन दिवस मागून घेतले, उन्हाने उडणारं पाणीसुद्धा धरलं, आणि सांगितलं, मृग लागेपर्यंत पुरेल. गावात मला प्रोफेसर म्हणतात, निम्मे चेष्टेने, निम्मे खरंच. प्रोफेसराने सांगितलं म्हटल्यावर कुणी उलटा प्रश्न केला नाही. मोहनरावांनी ते संस्थेच्या फळ्यावर तेलरंगाने लिहून घेतलं. शुक्रवारी, तेरा तारखेला, पाळी सुरू झाली.

शनिवारी संध्याकाळी बायनाबाईची म्हैस तलावात रुतली. बायनाबाई तुला आठवत असेल, वेशीजवळची, जिभेने कुणाला सोडत नाही ती. चार माणसांनी दोर लावून म्हैस काढली, आणि ही बाई तशीच चिखलाच्या पायांनी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, “तुजं गणित असंल ते असंल, प्रोफेसर. पर जितं तू धा फूट पानी म्हंतोस तितं माजी म्हैस चिखलात कावून रुतली, तेवढं सांग.”

मी हसलो. मग दोन पिंपं बांधून तराफा केला, लांब सळई घेतली आणि आत गेलो. साडेचार फुटांवर पाणी संपलं. खाली सळई नुसत्या दाबाने जात राहिली, जात राहिली, आणि सहा फुटांनंतर टणक तळाला लागली. मी सात ठिकाणी सळई सोडली. सातही ठिकाणी कमीजास्त हेच. मुक्ता, तळाची म्हणून मी अजून त्र्याहत्तरचीच मापं धरून बसलो होतो. चौदा पावसाळ्यांचा गाळ मी पाणी म्हणून मोजला होता.

खरं उत्तर असं आहे. पाळी पुरी झाली तर एप्रिलच्या मध्याला तलावात प्यायलाही पाणी राहत नाही. आज मोटारी थांबल्या तर मेच्या दहा तारखेपर्यंत पुरतं, आणि घागरी मोजून दिल्या तर मे कसाबसा निघेल. एक दिवस मोटारी चालल्या की गावाचं चार दिवसांचं पिण्याचं पाणी जातं. हे मला शनिवारी रात्रीच कळलं होतं. तरी रविवारी मी मोटारी चालू केल्या. सोमवारी केल्या, काल केल्या. सारखं वाटायचं, पुन्हा एकदा मांडून बघू, कुठेतरी आपलंच चुकलं असेल. खरं सांगायचं तर मला फळ्यावरच्या आकड्याची लाज सोडवत नव्हती. बायका हंडे घेऊन काठाला यायच्या, मला हात करायच्या, आणि माझ्या मागे मोटारी घरघरत असायच्या. स्वतःची इतकी किळस मला आजवर एकदाच आली होती.

या तीन दिवसांत मला सारखं ते त्र्याहत्तर साल आठवतंय. बहात्तरच्या दुष्काळाचं काम म्हणून हा तलाव आपणच खोदला, सुकडी खाऊन. ओव्हरसियर साहेबांच्या तंबूत खुर्चीच्या मोडक्या पायाखाली एक जाड इंग्रजी पुस्तक होतं. मी मागितलं तर त्यांनी तिथे दगड सारला आणि पुस्तक देऊन टाकलं. मी मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलेला, तुझी शाळा सातवीत सुटलेली. माझ्या जुन्या पुस्तकांतलं बीजगणित मी तुला चार महिने शिकवलं आणि पाचव्या महिन्यात तू मला शिकवायला लागलीस. इंग्रजी आपल्याला अक्षर लावण्यापुरतं, म्हणून शब्द सोडून नुसती चिन्हं वाचायचो. वर d आणि खाली d दिसला की कटाप. आठ दिवस आपण d छाटत बसलो होतो, आणि पुस्तकातली सगळी उत्तरं चूक आहेत असं ठरवून मोकळे झालो होतो. मग एका सकाळी तू टोपलं डोक्यावर असतानाच म्हणालीस, “दादा, d हा आकडाच न्हाई. d म्हंजे उलिसं.” म्हणजे कशाचा तरी इवलासा भाग. त्या दिवसापासून पुस्तक उघडलं. कॉलेजातली पोरं ज्याला विकलन म्हणतात त्याला आपण उलिसं म्हणायचो, आणि संकलनाच्या त्या लांब मानेच्या चिन्हाला गळ, कारण विहिरीत पडलेली बादली काढायच्या गळासारखं ते दिसतं. तलावाच्या पोटात पाणी किती मावेल ते तू त्याच गळाने काढलंस. वरचं क्षेत्र एकदा, मधलं चारदा, खालचं एकदा, सगळं मिळवून खोलीने गुणायचं आणि सहाने भागायचं. मी विचारलं, चारदाच का? तू संध्याकाळी अंगणात कोळशाने आकृती काढून दाखवलंस. मला ते तिसऱ्यांदा समजलं. तेव्हा कौतुक वाटलं होतं, आणि थोडा हेवाही.

पहिला पाऊस पडला, काम आटोपत आलं. तू ते सगळं चार पानांवर लिहिलंस आणि साहेबांना दाखव म्हणून माझ्या हाती दिलंस. पोरीने साहेबांच्या तंबूत जायचं नाही, असं वडिलांनी बजावलं होतं. मी संध्याकाळी परत आलो आणि सांगितलं, साहेब म्हणाले चूक आहे. तू भाकरी थापत राहिलीस. दुसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या वळकटीवर ठेवलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं.

मी मात्र पुस्तक सोडलं नाही. साहेबांच्या चिठ्ठीवर मला मोजणीची रोजंदारी लागली, पुढे संस्था निघाली तेव्हा हे पंपघर मिळालं. लाइन गेली की मी पुस्तक काढायचो, आणि आपल्याकडे लाइन जाते किती ते तुला ठाऊक आहे. सगळं पुस्तक संपवायला मला अकरा वर्षं लागली. असं एकट्याने शिकण्याचं दुखणं म्हणजे चुकलं तर सांगणारं कोणी नसतं, आणि बरोबर आलं तरी सांगणारं कोणी नसतं.

दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा गीता पाटी-पुस्तक घेऊन आली होती. समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ विचारत होती. तू चुलीकडे तोंड करूनच तिला म्हणालीस, “मला नको इचारू बाई. माजं गणित चुकतं. साहेबांनी सांगितलेलं हाय.” अगदी सहज म्हणालीस, जसं कुणी म्हणावं की मला तिखट सोसत नाही. मी चहा अर्धा टाकून उठलो आणि गाडीची वेळ झाली म्हणालो. गाडीला अजून दीड तास होता. तो मी फाट्यावर उभा राहून काढला.

आज दहा वाजता मोहनराव आले. त्यांनी बाहेरच्यांना घडीभर मागे सारलं आणि खिडकीशी उभे राहून माझं सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट म्हणू नकोस. बारा वर्षांची झाडं आहेत, ही पाळी चुकली तर निम्मी बाग सरपणाला जाईल, आणि ती एकट्या त्यांची नाही, नव्वद घरांची आहे. ते म्हणाले, “बद्रीनाथ, तवाचा आकडा बी तुजाच आन आताचा बी तुजाच. मी कोनता खरा धरू? शुक्रवारी अकराला सभा बोलावतो. तवर मोटारी बंद, माजा शब्द हाय. पर तुजं गणित तपासणारा दुसरा माणूस आण. न्हाई आणलास तर शुक्रवारी पाळी पुढं चालू.” शब्द देऊन ते गेले, पण बागवाले हटले नाहीत, म्हणून कडी अजून लावलेलीच आहे. बीडचे इंजिनियर यायला दहा दिवस लागतील. तोवर पाळी पुरी होऊन जाईल, मग तपासून काय उपयोग? या जिल्ह्यात हे गणित तपासू शकेल असा दुसरा एकच माणूस मला माहीत आहे, आणि तो मांजरसुंब्याला हॉटेलावर भजी तळतो.

या कागदाच्या मागे सातही ठिकाणच्या खोल्या आणि गाळाची जाडी लिहिली आहे, काठाची मापंही आहेत. पण नुसतं ये म्हटलं तर तू येणार नाहीस. म्हणशील, माजं चुकतं दादा, तूच बघ. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. मुक्ता, साहेबांनी तुझं गणित चूक म्हटलं नव्हतं. त्यांनी पानं दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हणालो, मी. मला चिठ्ठी मिळाली ती त्याच शब्दावर. तू स्वतः जाऊन विचारलं असतंस तर मी उघडा पडलो असतो, म्हणून घरी येऊन तुला चूक सांगितलं. आणि त्यांच्या हातात मी तीनच पानं दिली होती. चौथं मला समजलं नव्हतं, त्यांनी विचारलं तर काय सांगू म्हणून वाटेतच फाडून टाकलं. ते पान गाळाचं होतं. पहिल्या पुरानंतर खड्ड्यांत साचलेला गाळ तू मोजला होतास, तो दर वर्षी किती साचेल, कसा कमी होत जाईल, ते सगळं त्यात मांडलं होतंस. शेवटी एका आकड्याखाली दोन रेघा मारल्या होत्यास: चौदाव्या वर्षी साडेपाच फूट. तो आकडा मला लक्षात राहिला, कारण मी हसलो होतो की चौदा वर्षांनी बघायला कोण जातंय. शनिवारपासून तेच पान मी माझ्या बुद्धीने पुन्हा मांडत होतो, काल पुरं झालं. तीन दिवस लागले. उत्तर साडेपाचच आलं. सळईने सहा सांगितलं. तू पंधरा वर्षांची होतीस. शुक्रवारी सभेत मी आधी हे सगळं सांगेन आणि मग पाण्याचं, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. मला माफ कर असं मी म्हणत नाही, त्याला तोंड नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. पण तुझं गणित चुकत नाही, हे गीताला मात्र आजच सांग.

तुझाच म्हणायचं की नाही ते तू ठरव,
बद्रीनाथ