धानाच्या कोठीतल्या पाकोळ्या

मु. मेंडकी, ता. ब्रह्मपुरी
१२ मे १९५६

तीर्थस्वरूप मामाजींच्या सेवेशी जावई मुखरूचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे, सासूबाईंना ऊन सोसते का, ते कळवावं.

संक्रांतीला तुम्ही सांगितलं, की तुम्ही रंगूनच्या लाकडाच्या वखारीत होते तेव्हा चिनी लोक पाखराच्या थुंकीचं घरटं उकळून पीत, आणि त्या पाखरांसाठी लोक अख्खी घरं रिकामी सोडत. पाखरू कसं, असं मी विचारलं, तर "काळं, लहान" म्हणून तुम्ही झोपी गेले. आमच्या वेशीच्या कमानीत काळ्या, लहान पाकोळ्या आहेत, घरटंही थुंकीनंच चिकटवतात. मले वाटलं, त्याच ह्या.

मग मी धानाची कोठी रिकामी केली, पोती निजायच्या खोलीत लावली, आणि रंभा अन् मी ओसरीवर आलो. भिंतीला भोक पाडलं. पाकोळी दाणा खात नाई, उडती चिलटं खाते, म्हणून चिलटं यावी यासाठी कोपऱ्यात मोहफुलं भिजत घातली. चिलटं आली. वासावर आबकारीचा जमादारही आला. "भट्टी कुठी आहे?" मी म्हटलं, "भट्टी नाई साहेब, हे पाखरांसाठी." तो म्हणाला, "पाखरांले दारू पाजून राह्यला?" (मी हो म्हटलं का नाई, आठवत नाई. फुलं मात्र त्यानं माझ्याच हातानं उकिरड्यावर टाकवली.)

तरी दोन जोड्या आल्या. पहिलं घरटं तयार होताच काढून रंभानं मीठ टाकून उकळलं. निघाली कोंबडीची पिसं, धानाचं वाळलं तणीस आणि तिच्याच फणीतले केस. जंगलातून डिंक घेऊन येणारा कोलू बसला होता. त्यानं वाटीत पाहून विचारलं, "भाऊ, हे खायाचं आहे का धुवायचं?" मी एक घोट घेतला. पोतेऱ्याची चव लागली. रंभा म्हणाली, "माह्या बापानं थट्टा केली तुमची." मले अजून समजत नाई, तुम्ही थट्टा केली, का पाखरू चुकलं, का मीठ जास्त झालं.

आपला,
मुखरू

ता. क. रंभा बुधवारच्या मोटारीनं तुमच्याकडे आली असेल. "कोठीत धान येईल तवाच येईन" म्हणाली. तिले समजावून पाठवा. कोठीचं भोक आजच बुजवतो.

पुन्हा ता. क. बुजवायला गेलो तर आठवलं, मोटारीत चढता चढता ती ओरडली होती, "दुसऱ्या घरट्यात पिल्लं निघाली आहेत. भोक बुजवाल तर खबरदार!" कोलू म्हणतो, पिल्लं उडायला दीड महिना लागते. तोवर भोक उघडं, अन् भोक उघडं तर कोठीत धान भरता येत नाई. मामाजी, तिच्या मनात नेमकं काय आहे, ते मी विचारलं असं न सांगता विचारून कळवा.