मावशीच्या सुरीचं म्यान

३ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोबत म्यान पाठवते आहे. चामड्याचं माझं हे पहिलं काम. म्हणजे तिसरं, पण आधीची दोन मी मोजत नाही. पहिल्यात चामड्याच्या दोन बाजूंच्या मधली पट्टी घालायला विसरले. धार थेट दोऱ्यावर आली आणि आमची घरची सुरी आत सारताच टाके उसवत गेले. दुसऱ्यात टोचा तिरका धरला. टाके पुढून सरळ, मागून दारुड्याची चाल. आई म्हणाली, मागचं कोण बघतंय? मी बघते.

सुरी पाठव म्हटलं, तर तू कागदावर तिची बाह्यरेषा काढून पाठवलीस. चार दिवस दूर गेली म्हणून सुरी रुसत नसते. तरी रेषेबरहुकूम कापलं आहे. यंत्रांच्या भागांची आरेखनं करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे रेषेवर विश्वास ठेवायची सवय आहे. तेव्हा घरून आणलेली सुरी आवरणाशिवाय दिसली तर ती सामायिक खणात जाईल, हा तुझ्या कँटीनच्या नव्या मॅनेजरांचा नियम आता तुला लागू नाही.

लोभ आहेच. तो म्यानाच्या दर्जावर अवलंबून ठेवू नये.

तुझी भाची

११ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

म्यान मिळालं. दिसायला झकास. आमचे आचारी म्हणाले, कुठल्या लढाईला निघालात, मावशी? मीही ऐटीत कमरेला लावलं. मॅनेजरांच्या टेबलापुढे जराशी वाकले, तर सुरी सुळकन बाहेर! पायाशेजारी फरशीवर. टोक मोडलं नाही हे तिचं नशीब, अंगठा शाबूत राहिला हे माझं.

सगळे फिदीफिदी हसले. मॅनेजरांनी सुरी उचलली, दिव्यापाशी धरली आणि नियम काढला त्या दिवशी जे बोलले होते तेच आता चारचौघांत बोलले. घासून घासून काडी झालीय, टाका आता. आणि तुम्हीही उभ्यानं चिरणं सोडा, भाजी निवडायला बसा. आपल्या आईच्या वयाच्या बाईशी बोलतोय, याची काही लाज? वर मुदत दिली. महिनाअखेरपर्यंत नीट म्यान आणा, नाहीतर सुरी खणात. अगं, त्या खणातल्या सुऱ्यांनी लोक डबे उघडतात! उमेदीची सगळी वर्षं मी या सुरीबरोबर काढली.

एवढी शिकलीस आणि तुला एक पिशवी शिवता येईना?

माया पातळ झालेली नाही, डोकं तापलंय एवढंच.

मावशी

१६ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून राग आला. शांतपणे पुन्हा वाचलं, पुन्हा आला.

पिशवी नव्हे, म्यान. मी कापलेल्या नमुन्यावर तुझा कागद ठेवून पाहिला. रेषेवर रेषा बसते. कागद बरोबर असता तर सुरी पडली नसती. ती पडली, म्हणजे कागद चूक आहे. पेन्सिल तिरकी धरली होतीस का? कागद सरकला होता का? दुसऱ्याची चूक मी माझ्या नावावर घेत नाही, मग ती मावशीची का असेना. सुरी आणि म्यान, दोन्ही ताबडतोब पाठव. या वेळी कागद नको.

तुझ्या मॅनेजरांबद्दल मत आहे, पण ते पत्रात लिहिण्याजोगं नाही.

राग कामापुरता, लोभ कायमचा. उलटं वाचू नकोस.

तुझी भाची

२० नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

मला खोटं पाडतेस? तुझं नाक पुसलंय या हातांनी! घे सुरी. माझ्या ॲप्रनमध्ये गुंडाळली आहे. ॲप्रनही परत हवा.

इथे कंपनीची सुरी घेतली आहे. टोमॅटो चिरत नाही, चेपते. मॅनेजर येता-जाता बघतात, ते जास्त लागतं.

मी रुसले आहे. वेळेवर जेवत जा.

मावशी

२६ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुरी तुझ्या कागदावर ठेवली. मूठ बसली, पाठ बसली, टोक बसलं. धारेच्या बाजूची रेषा मात्र पात्यापासून चांगली अंगठाभर लांब. बाकी रेषा पात्याच्या कडेने चाचपडत गेली आहे. ही एका झोकात काढलेली, पात्याला न टेकता. तू सुरी आज आहे तशी काढलीच नाहीस. नवी होती तशी काढलीस. मॅनेजरांनी तिला पहिल्यांदा काडी म्हटलं, त्यानंतर.

आधी तुझ्यावर चिडले. मग तुझ्या सुरीनं एक टोमॅटो चिरून पाहिला आणि मॅनेजरांवर चिडले, तो राग अजून उतरलेला नाही. पातं अरुंद झालं म्हणजे निकामी झालं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? धार सोडून रुंदी बघणाऱ्या माणसाच्या हाती स्वयंपाकघर दिलं कुणी?

तुझ्यावरचाही पूर्ण गेलेला नाही. मला खरं माप द्यायला हवं होतंस. मी काय त्यांच्यासारखी बघणार होते?

म्यान उसवलं. चामडं भिजवलं, सुरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत घातली आणि तिच्या अंगाबरोबर दाबून सुकू दिलं. आता टाके पात्याच्या अगदी जवळून गेले आहेत. उलटं धरून झटकलं तरी पडत नाही. मॅनेजरांच्या चहाच्या कपावर धरून दाखव.

जुन्या टाक्यांची भोकं बाहेरच्या कडेला उरली आहेत, बरोबर तुझ्या रेषेवर. ती कड कापून टाकायला हवी होती. माझ्या कामात रिकामी भोकं चालत नाहीत. कापलेली नाही. कारण तांत्रिक आहे, विचारू नकोस.

ॲप्रन धुऊन सोबत ठेवला आहे. रुसवा सोडलास की कळव.

तुझी,
मोजपट्टी