बॉबिनकडे जाणारा हात

ता. २ फेब्रुवारी

चि. माईस, आईचे अनेक आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात एका सकाळी पाणी भरलं, भांडी घासली, तुझ्या बाबांचे दोन सदरे उन्हात टाकले. कोण घालणार आहे, तरी टाकले. मग गिरणीत गेले, तर बाबांचं जुनं मशीन उचलून नेलेलं.

नवं फार वेगात चालतं. कापसाच्या जाड पेळूची बारीक वात करून बॉबिनवर गुंडाळतं, बॉबिन भरली की स्वतःच काढतं, रिकामी लावतं. आम्ही फक्त बघायचं. पण ते मंदावलं की माझा हात आपोआप आत जातो. मग दिवे लाल होतात आणि सगळं मशीन थांबतं. दोनदा झालं. साहेब म्हणाले, मावशी, तिसऱ्यांदा झालं तर घरी बसा. पोरी खिदळल्या. थकले गं.

तुझी आई

ता. ९ फेब्रुवारी

ती. आईस सा. न. वि. वि.

गरम भांड्याला हात लावला की तू मला केवढी ओरडायचीस! आता तुला कोण ओरडणार? आई, सोड ती गिरणी. बाबा गेले, त्यांचं मशीनही गेलं. तिथे कुणाला धरून बसली आहेस? खिडकीजवळची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. तुझे जावई विचारतात, आई कधी येणार, मला तुझ्या हातचं किती दिवस खावं लागणार?

माया आहे तशीच असू दे.

तुझी माई

ता. १७ फेब्रुवारी

चि. माईस, आशीर्वाद.

जावयांना म्हणावं, दम धरा. मे महिन्यात येईन, पण पाहुणी म्हणून. धरून बसले आहे, हे तुझं खरं आहे. एवढ्यात सुटत नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी बसून विचार केला. जुनं मशीन थांबलं की आम्ही बायका हात घालून भरलेल्या बॉबिना काढायचो. पुन्हा चालू करण्याआधी तुझे बाबा खांबावर पाना दोनदा वाजवायचे. तो आवाज आला की सगळ्यांचे हात बाहेर. कितीही घाई असली तरी त्यांनी तो चुकवला नाही. आता कुणी वाजवतच नाही. मग हाताला कसं कळणार?

त्यांचा तो पाना घरी दारामागे खुंटीलाच होता. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत घालून नेला. मशीन मंदावलं, तसा बाजूच्या खांबावर दोनदा वाजवला, आणि माझा हात आपोआप मागे आला.

आई